व्होर्टेक हेड चालतील, पण आधी कास्टिंग नंबर बघा

खिंडसी तलावातल्या बोटीच्या १९८७च्या ५.७ लिटर शेवरोले व्ही-८ इंजिनाला व्होर्टेक हेड (शेवरोलेचीच नंतरची सिलिंडर हेड) बसतील का, असं विचारलंय. बसतील भाऊ, पण नुसत्या हेडवर भागणार नाही. १९९६पासूनच्या व्होर्टेकला इनटेक मॅनिफोल्डचे (हेडला हवा पोचवणाऱ्या भागाचे) बोल्ट ८, तुमच्याला १२, म्हणजे मॅनिफोल्डही नवं आलं. रॉकर कव्हर (हेडवरचं झाकण) काढून जुन्या हेडचा कास्टिंग नंबर, म्हणजे ओतकामातच उमटलेला नंबर वाचा, त्यावरून चेंबरचं माप कळतं. चेंबर (इंधन जळतं ती पोकळी) ७६ सीसीचं निघालं तर व्होर्टेकच्या लहान, ६४ सीसी चेंबरने कॉम्प्रेशन बरंच वाढेल. बोटीचं इंजिन सतत लोडवर असतं, नॉकिंगने (इंधन अवेळी भडकून बसणाऱ्या ठोक्यांनी) पिस्टन जातील. गॅस्केट मरीनचंच घ्या, तलावाचं पाणी थेट इंजिनात फिरतं. आणि वापरलेली हेड घेत असाल तर नागपुरात समोर उभं राहून प्रेशर टेस्ट करवून घ्या, एक्झॉस्ट सीटजवळ भेगा हमखास तपासा.