प्रति: चष्म्याचा नंबर बरोबर, तरी चालताना पाट्या हलतात
चष्म्याचा नंबर बरोबर असूनही चालताना रस्त्यावरच्या पाट्या हलताना दिसतात, ही तक्रार डोळ्यांची नसून आतल्या कानाची असू शकते. डोके हलताच तिथल्या, डोक्याची हालचाल टिपणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका सुमारे 10 मिलिसेकंदांत डोळे तितकेच उलट दिशेला वळवतात. दोन्ही कानांतील ही यंत्रणा निकामी झाली, की नजर ठरत नाही. स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाच्या इंजेक्शनांनी आतल्या कानाला इजा होऊन तोल गमावलेल्या एका अमेरिकी डॉक्टरांनी 1952 मध्ये लिहिले होते, की नाडीच्या ठोक्यानेही अक्षरे हलत असल्याने त्यांना पलंगाच्या गजांमध्ये डोके टेकवून वाचावे लागे. क्षयरोगावर हीच इंजेक्शने आपल्याकडेही वर्षानुवर्षे दिली गेली, म्हणून जुन्या उपचारांची माहिती डॉक्टरांना जरूर द्यावी. नेहमीच्या नेत्रतपासणीत डोके स्थिर असते, त्यामुळे हा दोष निसटतो. डोके हलवत तक्ता वाचायला लावण्याचा आग्रह अवश्य धरावा.