हर की दूनच्या खोऱ्यात तंबू कुठे ठोकावा?

प्रश्न (धारणी, जि. अमरावती):
चिखलदऱ्याच्या थंडीत आम्ही तंबूत राहिलो आहोत. परंतु येत्या मे महिन्यात इथल्या उन्हातून निघून उत्तराखंडातील हर की दून या सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील, हिमनदीने कोरलेल्या खोऱ्यात दोन रात्री काढायच्या आहेत. तंबूसाठी जागा कशी निवडावी?

उत्तर (वरोरा):
प्रवाहालगतची सपाट जागा मोहक दिसते, तरी ती टाळावी. कारण उन्हाने बर्फ वितळून दुपारनंतर पाणी वाढते आणि रात्री जड, थंड हवा खोऱ्याच्या तळाशीच साचते. थोडा उंचवटा बघावा, मात्र वाळलेल्या झाडाखाली नव्हे. हिमनदीने आणून टाकलेल्या गोट्यांत खुंट्या शिरत नाहीत. माझी एक तर विळ्यासारखी वाकली, शेवटी दोऱ्या दगडांना बांधल्या.

उत्तर (गोंदिया):
शेतातल्या जागलीच्या सवयीने आपण शेकोटी जवळ ओढतो, पण बंद तंबूत शेगडी मुळीच नेऊ नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. शिवाय एकदम वर न चढता वाटेतल्या गावी मुक्काम करावा.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. घरची घोंगडी पुरेल का?

उत्तर (वरोरा):
दादा, घोंगडी अंगाखाली अंथरा. पांघरायला शून्याखालच्या थंडीची स्लीपिंग बॅगच हवी.