मदत हवी आहे: सुका कचरा वेगळा करूनही संकलन केंद्रावरून परत येतो, नेमकं काय चुकतंय?

रानवारा

नमस्कार. घरात ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवतो आणि सुका जवळच्या संकलन केंद्रावर देतो. तिथे कागद, प्लास्टिक, काच, धातू अशी चार पिंपं आहेत आणि बॅटऱ्या-इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी वेगळी पेटी. प्लास्टिकची पिशवी बहुतेक वेळा निम्मी परत मिळते, कागदाचीही अधूनमधून. तिथे गर्दी असल्याने कारण नीट कळत नाही. माझे प्रश्न असे:

१. त्रिकोणात आकडा असलेलं सगळं प्लास्टिक घेतलं जायला हवं ना? मग परत का येतं?
२. किती धुवायचं? झाकणं लावून द्यायची की काढून?
३. कागदात काय चालत नाही?
४. बॅटऱ्या पेटीत टाकेपर्यंत घरात कशा ठेवायच्या?
५. चकचकीत वेष्टनं आणि थर्माकोल कशात टाकायचं?

नेमकी माहिती असणाऱ्यांनी कृपया सांगावं.

मृदगंध

पहिल्या प्रश्नातच बहुतेक उत्तर आहे. तो आकडा ‘हे पुनर्वापरात जातं’ असं सांगत नाही, फक्त प्लास्टिकची जात सांगतो. १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने हे आकडे आणले, ते छाननी करणाऱ्यांना जात ओळखता यावी म्हणून. भोवतीच्या बाणांमुळे लोकांचा गैरसमज होतो, म्हणून २०१३ मध्ये प्रमाणकात बाणांऐवजी भरीव त्रिकोण आला. बाण मात्र अजूनही दिसतात.

१ म्हणजे पेट (पाण्याच्या आणि शीतपेयांच्या पारदर्शक बाटल्या). २ म्हणजे एचडीपीई (शांपूच्या, कपडे धुण्याच्या द्रवाच्या जाडसर, दुधी बाटल्या). ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन (झाकणं, डबे). या तिघांना सहसा मागणी असते. ४ म्हणजे मऊ पिशव्या. त्या चालतात, पण वेगळ्या बांधून, कारण सुट्या पिशव्या छाननीच्या यंत्रातल्या फिरत्या दांड्यांना गुंडाळतात आणि यंत्र थांबवून कापून काढाव्या लागतात. ३ म्हणजे पीव्हीसी, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन आणि ७ म्हणजे उरलेलं सगळं. हे तिन्ही बहुतेक केंद्रं नाकारतात.

पीव्हीसीबद्दल केंद्रं कडक असतात त्याला कारण आहे. पेट साधारण २६० ते २८० अंश सेल्सिअसला वितळवतात. त्या तापमानाला पीव्हीसी टिकत नाही, त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि तो पेटच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतो. माल पिवळा पडतो, ठिसूळ होतो, त्यात काळे ठिपके येतात. थोडंसं पीव्हीसीसुद्धा बराच माल वाया घालवू शकतं, म्हणून शंका आली की पिशवीच बाजूला पडते.

आकडा दिसत नसेल तर कडेचा नखाएवढा तुकडा कापा, पाण्यात साबणाचा एक थेंब टाका (नाहीतर हवेचे बुडबुडे चिकटून तुकडा खोटा तरंगतो) आणि बोटाने तुकडा तळापर्यंत दाबून सोडा. वर आला तर २, ४ किंवा ५. खालीच राहिला तर १, ३ किंवा ६. थर्माकोल हा अपवाद, तो ६ असूनही आतल्या हवेमुळे तरंगतो. जाळून वास घेऊन ओळखायची पद्धत काही जण सांगतात, ती अजिबात करू नका. पीव्हीसीचा धूर थेट फुप्फुसात जातो.

आणखी दोन गोष्टी. काळं प्लास्टिक चांगल्या जातीचं असलं तरी यंत्राने छाननी होते तिथे सुटून जातं. काळ्या रंगातला कार्बन अवरक्त किरण शोषतो आणि यंत्र त्याच किरणांच्या परावर्तनावरून जात ओळखतं. आणि साधारण ५ सेंटिमीटरहून लहान तुकडे चाळण्यांतून खाली गळतात, ते थेट उरलेल्या कचऱ्यात जातात.

तळटीप

धुण्याबद्दल. चकचकीत करायची गरज नाही, आत अन्न आणि द्रव राहू नये एवढंच. भांडी घासून झाल्यावर उरलेलं साबणाचं पाणी बाटलीत पाव भरा, झाकण लावून जोरात हलवा, ओता. बहुतेक बाटल्यांना एवढं पुरतं. नळ सोडून धुवू नका, वाचतं त्यापेक्षा जास्त पाणी जाईल.

खरा त्रास ओल्याचा आहे. धुऊन लगेच बंद केलेल्या बाटलीत ओल राहते, बुरशी येते, आणि ती पिशवीत कागदाशेजारी असेल तर कागदही जातो. म्हणून उघडी, उलटी ठेवून रात्रभर निथळू द्या.

तेलाच्या बाटल्या सर्वांत चिवट. आधी भांड्यावर उलटी धरून काही तास निथळवा, मग कोमट पाणी आणि दोन थेंब साबण. पाणी फार गरम नको. पेट ७० अंशांच्या आसपास मऊ होतं आणि बाटली आक्रसते.

हातपंपाच्या बाटल्या (हात धुण्याचा द्रव, लोशन) तशाच दिल्या तर परत येणं साहजिक आहे. पंप फिरवून काढा. आतल्या नळीच्या वरच्या भागात बहुधा स्टीलची बारीक स्प्रिंग आणि काच किंवा स्टीलची गोळी असते. कुठे दाबायचं हे कळलं तर स्प्रिंग सुटते आणि धातूत जाते, नाही निघाली तर अख्खा पंप उरलेल्या कचऱ्यात. बाटली मात्र निर्धास्त द्या.

झाकणांबद्दल केंद्राकेंद्रात फरक आहे. जिथे माल दळून पाण्यात वेगळा करतात तिथे झाकण लावून चालतं, कारण पेट बुडतं आणि झाकणाचं प्लास्टिक तरंगतं, दोन्ही आपोआप वेगळी होतात. जिथे हाताने निवडतात तिथे झाकणं वेगळी मागतात. सुटी झाकणं पिशवीत मोकळी टाकली तर ती वर मृदगंध म्हणतात त्या चाळण्यांतून गळतात, म्हणून ती एका बरणीत जमा करा आणि एकदम द्या.

मृदगंध

तळटीप यांच्याशी सहमत, फक्त एक भर: झाकण लावून देणार असाल तर आधी बाटली आडवी दाबून हवा काढा, मग झाकण घट्ट करा. हवा भरलेली बंद बाटली गठ्ठा बांधताना दाबली जात नाही, आणि दाबल्यावर झाकण उडूही शकतं.

पानगळ

कागद माझा विषय आहे, म्हणून सविस्तर.

कागद पुन्हा बनवताना तो पाण्यात घुसळून लगदा करतात. पाण्यात न विरघळणारं किंवा धाग्यांना चिकटून राहणारं काहीही असलं की त्रास. म्हणून तेल लागलेला कागद चालत नाही, तेल पाण्यात मिसळत नाही आणि तयार कागदावर डाग, भोकं पडतात. खोक्याचं झाकण कोरडं आणि तळ तेलकट असेल तर झाकण फाडून द्या, तळ ओल्या कचऱ्यात.

वापरलेले टिश्यू आणि हात पुसायचे कागद नाहीत. त्यातले धागे आधीच आखूड असतात, शिवाय काही ओलं टिकण्यासाठी मुद्दाम बनवलेले असल्याने लगद्यात सुटतच नाहीत.

दुकानाच्या पावत्या हा सर्वांत सहज निसटणारा भाग. त्यावर शाई नसते, रसायनाचा थर असतो आणि तो उष्णतेने काळा होतो. कागदावर नख जोरात ओढा: काळी रेघ उमटली तर तो उष्णताग्राही कागद. त्यात बऱ्याचदा बिसफेनॉल (संप्रेरकांच्या कामात अडथळा आणू शकणारं रसायन) असतं आणि लगद्यातून ते इतर मालात जातं. कागदाच्या पिंपात नको, कंपोस्टातही नको.

कागदी पेले दिसायला कागदी, आतून पॉलिथीनचा पातळ थर. कडा फाडून बघा, पांढऱ्या धाग्यांच्या पुढे पारदर्शक पापुद्रा लोंबतो. साधी गिरणी हे घेत नाही. पेयांच्या खोक्यांतही असंच, फक्त थर जास्त: साधारण ७५ टक्के कागद, २० टक्के पॉलिथीन आणि ५ टक्के अॅल्युमिनियम. ती वेगळ्या गिरणीत जातात, म्हणून केंद्राला विचारून वेगळा गठ्ठा करा. आधी खंगाळून चपटी करा. कागदाच्या पिंपात टाकली की तो पिंप बिघडतो.

स्टेपलच्या पिना काढायची चिंता नको, त्या चुंबकाने आणि चाळणीने निघतात. पाकिटावरची प्लास्टिकची खिडकी निघाली तर काढा. पुठ्ठ्यावरची रुंद चिकटपट्टी मात्र ओढून काढा. यंत्रात कातरलेला कागद सुटा देऊ नका, वाऱ्याने उडतो आणि चाळणीतून गळतो. कागदी पिशवीत भरून तोंड पिनेने बंद करा.

रद्दी जमिनीला टेकवून ठेवू नका, फरशीची ओल खालच्या गठ्ठ्यात चढते. सुतळीने बांधा, प्लास्टिकच्या पट्टीने नाही. कागदाचा धागा साधारण ५ ते ७ वेळाच फिरू शकतो, दर फेरीला आखूड होतो. म्हणून कोरडा, स्वच्छ कागद पुढे गेला पाहिजे, ओला झाला की एक फेरी वाया.

लोहचुंबक

काच आणि धातू थोडक्यात. काचेच्या पिंपात फक्त बाटल्या आणि बरण्या. खिडकीची काच, आरसा, प्यायचे पेले, उष्णतारोधक भांडी, चिनीमाती यांपैकी काहीही नाही. बाटलीची काच भट्टीत १५०० अंशांच्या आसपास वितळते, चिनीमाती त्या तापमानालाही वितळत नाही आणि नव्या बाटलीत खड्यासारखी राहते. मग बाटली तिथूनच फुटते. रंगाप्रमाणे पिंपं असतील तर रंग पाळा, हिरवी काच पांढऱ्यात चालत नाही. धातूची झाकणं काढून धातूत टाका.

धातूला चुंबक लावा. चिकटला तर लोखंड किंवा पोलाद, नाही चिकटला तर बहुधा अॅल्युमिनियम. काही स्टेनलेस स्टीललाही चुंबक चिकटत नाही, पण ते वजनाने कळतं. अॅल्युमिनियम कधीच वाया घालवू नका, जुन्यापासून बनवायला खनिजापासून बनवण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा कमी लागते. पातळ वर्ख साठवत जा आणि मुठीएवढा गोळा झाला की द्या, सुटा तुकडा छाननीत हरवतो. फवाऱ्याचे डबे पूर्ण रिकामे झाल्यावरच द्या, त्यांना भोक पाडू नका.

रानवारा

खूप उपयोगी, सगळ्यांचे आभार. माझ्या पिशवीत पंप, पावत्या आणि कागदी पेले हमखास असतात, आता कारण कळलं. चौथा आणि पाचवा प्रश्न राहिले. शिवाय घरी एक जुना फोन आहे, त्याची बॅटरी फुगली आहे, तो कसा द्यायचा?

लोहचुंबक

फोनपासून सुरू करतो, तो आधी हलवा. फुगलेली लिथियम बॅटरी म्हणजे आत वायू साठला आहे. चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका, बॅटरी स्वतः उचकटू नका. फोन सुरू असेल तर बंद करा, कोरड्या वाळूने भरलेल्या धातूच्या डब्यात ठेवा, झाकण घट्ट लावू नका, आणि डबा पडदे-गाद्यांपासून दूर, हवेशीर जागी. केंद्रावर पेटीत टाकायच्या आधी तिथल्या माणसाला ‘फुगलेली आहे’ असं तोंडी सांगा. गुपचूप टाकलेल्या अशाच बॅटऱ्या कचऱ्याच्या गाडीत दाबल्या गेल्या की आग लागते.

बाकीच्या बॅटऱ्यांसाठी: लिथियमच्या सगळ्या, ९ व्होल्टच्या चौकोनी आणि बटणासारख्या बारीक, या तिन्हींच्या टोकांवर चिकटपट्टी लावा. ९ व्होल्टच्या बॅटरीची दोन्ही टोकं शेजारी असतात, एक किल्ली किंवा स्टीलची तार मध्ये आली तरी तापतात. बटण बॅटरी पूर्ण गुंडाळा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. गिळली तर अन्ननलिका भाजते, दोन तासांतही मोठी इजा होऊ शकते, त्यामुळे तशी शंका आली तरी थेट रुग्णालय. साठवायला प्लास्टिकचा किंवा काचेचा डबा, धातूचा नको. वाळूची गोष्ट वेगळी, ती फुगलेल्यासाठी होती.

फोन, संगणक देण्यापूर्वी माहिती काढून घ्या, सिम आणि मेमरी कार्ड काढा, खात्यातून बाहेर पडा आणि कारखाना स्थितीवर आणा (फॅक्टरी रीसेट). तुमचा फोन फुगला आहे म्हणून या भानगडीत पडू नका, फक्त खात्यातून दुसऱ्या उपकरणावरून बाहेर पडा आणि तसाच द्या.

ट्यूब आणि सीएफएलमध्ये पारा असतो, त्या मूळ खोक्यात घालून वेगळ्या द्या. फुटल्या तर खिडक्या उघडा, पंखा-एसी बंद करा आणि खोलीतून १० मिनिटं सगळे बाहेर. परतल्यावर तुकडे जाड पुठ्ठ्याने गोळा करा, बारीक भुकटी चिकटपट्टीने उचला, झाकणाच्या बरणीत भरा. झाडू किंवा व्हॅक्यूम वापरला तर पारा हवेत पसरतो.

मृदगंध

पाचवा प्रश्न. थर्माकोल जवळजवळ ९८ टक्के हवाच असल्यामुळे ट्रकभर नेला तरी वजन होत नाही, म्हणून दाबून घट्ट करणारं यंत्र जवळ असेल तरच केंद्रं घेतात. नसेल तर पुन्हा पॅकिंगला वापरा.

चकचकीत वेष्टनासाठी मुठीत चुरगाळून सोडून बघा. तसंच राहिलं तर अॅल्युमिनियम वर्ख, धातूत. उलगडलं तर धातूचा मुलामा दिलेलं प्लास्टिक, त्यात अनेक थर चिकटवलेले असतात आणि ते वेगळे करणं परवडत नाही. हे उरलेल्या कचऱ्यात टाका. ‘बघू, घेतील’ म्हणून प्लास्टिकच्या पिंपात घातलं तर बाकीची पिशवीही त्यामुळे परत येते.

‘विघटनशील’ लिहिलेले पेले आणि चमचे यांचंही तेच. ते बहुधा पीएलएचे (वनस्पतींपासून बनवलेल्या प्लास्टिकचे) असतात. पीएलए दिसायला पेटसारखं, पण पेटमध्ये मिसळलं तर माल खराब करतं, आणि घरच्या कंपोस्टात फारसं विरघळत नाही. त्याला ६० अंशांच्या आसपास तापलेलं औद्योगिक कंपोस्ट लागतं. तसं केंद्र जवळ नसेल तर उरलेल्या कचऱ्यात.

पानगळ

रानवारा, औषधांच्या गोळ्यांच्या पट्ट्या तुम्ही विचारल्या नाहीत, पण त्या हमखास ‘वर्ख’ समजून टाकल्या जातात. एका बाजूला अॅल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला बहुधा पीव्हीसी. दोन्ही घट्ट चिकटलेली, त्यामुळे धातूतही नाहीत आणि प्लास्टिकमध्ये तर नाहीच नाहीत. रिकाम्या पट्ट्या उरलेल्या कचऱ्यात. मुदत संपलेल्या गोळ्या मात्र वेगळ्या ठेवा आणि औषध दुकानात किंवा केंद्रावर परत घ्यायची सोय आहे का विचारा. सिंकमध्ये किंवा शौचालयात सोडू नका.