मदत हवी आहे : दिवाणी दाव्यात सरकारी खर्चाने वकील (ठाणे कोर्ट)

माझी मावशी कळव्याला राहते, विधवा आहे. खोलीच्या हिश्श्यावरून तिच्या दिरांनी दिवाणी दावा लावलाय, सोबत मनाई हुकुमाचा अर्जही. समन्स हातात पडलंय. खासगी वकिलाची फी तिला झेपणारी नाही, घरकामावर कसंबसं भागतं.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातल्या कलम १२ प्रमाणे बाईमाणसाला उत्पन्नाची अट नाही, इतपत माहिती आहे. तरी एका ओळखीच्यांनी छातीठोकपणे सांगितलं, "ते फक्त फौजदारीत!" असो.

खरी धास्ती मुदतीची आहे. कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) ३० दिवसांत द्यायची, कोर्टाने वाढवून दिली तरी ९० पर्यंत. वकील नेमून येईपर्यंत तारीख आली तर मावशीने स्वतः उभं राहून मुदत मागायची का? मोफत वकिलासाठी केलेल्या अर्जाची पोच दाखवली तर न्यायाधीश ऐकतात का?

शिवाय, नेमलेले वकील तारखांना आलेच नाहीत तर बदलून मिळतात का? ठाण्यात हे कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर सांगा. आधार, रेशनकार्ड, समन्सची झेरॉक्स काढून ठेवलीय. आणखी काय लागेल?