मदत हवी आहे: आजोबांचं इटलीतलं हेल्मेट सँडब्लास्ट होण्यापासून वाचवायचं आहे

कोरेगावकर

नमस्कार मंडळी. माझे आजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. 1940 साली भरती झाले, इटलीत लढले आणि 1946 ला गावी परतले. त्यांच्याबरोबर एक लोखंडी हेल्मेट घरी आलं, असं घरात सगळे सांगतात. उथळ, पसरट काठाचं, उलटं ठेवलं तर परातीसारखं दिसणारं.

आजीने त्याच्या आतलं अस्तर मधला एकच स्क्रू काढून वेगळं केलं आणि हेल्मेट विस्तव आणायला वापरलं. पहाटे शेजारच्या चुलीतले निखारे त्यात घालून आणायची. अस्तर मात्र तिने फेकलं नाही. फडक्यात बांधून पेटीत ठेवलं, ते आजही आहे. पुढे हेल्मेट कोंबड्यांच्या पाण्याला गेलं. गंजायला लागलं तेव्हा अण्णांनी (माझे थोरले चुलते) शेताच्या फाटकाला आणलेला उरलेला रेड ऑक्साइड त्याला फासला.

आता 15 ऑगस्टला शाळेत गावातल्या माजी सैनिकांचे फोटो लावायचे आहेत आणि हेल्मेटही ठेवायचं आहे. चुलतभावाने गॅरेजवाल्याशी बोलून ठेवलंय: सँडब्लास्ट करायचं (वाळूच्या जोरदार झोताने खरवडायचं), दोन पोचे ठोकून काढायचे आणि वरून हिरवा ड्यूको, म्हणजे गाड्यांना मारतात तो रंग. त्याचा हेतू चांगलाच आहे, आजोबांची वस्तू गंजकी दिसू नये एवढंच त्याला वाटतं. पण माझं मन तयार होत नाही. त्याला थांबवायचं तर मला नीट कारण सांगता आलं पाहिजे, आणि दुसरं काय करायचं तेही.

अजून एक. याला चुंबक चिकटत नाही. तळाला (उलटं ठेवल्यावरचा तळ, म्हणजे माथा) अगदी हलकं ओढल्यासारखं होतं, काठाला तर काहीच नाही. भाऊ म्हणतो, हे खरं पोलादच नाही. काठाच्या आतल्या बाजूला रंगाखाली HBH अशी अक्षरं आणि 1941 लागतंय.

तीन आठवडे हातात आहेत. कृपया सांगा.

जुनालष्करी

कोरेगावकर, आधी गॅरेजवाल्याला फोन करून थांबवा, मग पुढचं वाचा.

हे ब्रिटिश मार्क 2 आहे. मूळ घाट जॉन ब्रॉडी यांच्या 1915 च्या पेटंटचा. वरून पडणाऱ्या श्रॅपनेलपासून, म्हणजे फुटलेल्या तोफगोळ्यांच्या तुकड्यांपासून, डोकं आणि खांदे झाकले जावेत म्हणून तो रुंद काठ. 1938 च्या सुमाराला त्यात नवं अस्तर आणि ताणला जाणारा पट्टा आला, तो मार्क 2. तुमची अक्षरं म्हणजे हॅरिसन ब्रदर्स अँड हाउसन, शेफिल्डची कंपनी. मूळचे सुऱ्या-काटे करणारे लोक, युद्धात हेल्मेटं दाबायला लागले.

चुंबक चिकटत नाही ही तर खरेपणाची खूण आहे. लढणाऱ्या सैन्याची हेल्मेटं मँगनीज पोलादाची होती आणि ते चुंबक धरत नाही. नागरी वापराची साध्या पोलादाची जी निघाली, त्यांना चुंबक टक्कन चिकटतं. भावाला हे जरूर सांगा.

रंगाचं म्हणाल तर संग्राहकाच्या दृष्टीने मूळ रंग हाच जीव. त्या काळी चकाकी मारू नये म्हणून रंगात वाळू किंवा लाकडाचा भुसा मिसळत. बोटाला खरखरीत लागतं ते. सँडब्लास्टने ते पाच मिनिटांत जातं आणि जगातला कुठलाही पेंटर ते परत आणू शकत नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लावून न घेता ऐका. हेल्मेट सरकारी मालमत्ता होती, घरी सोडताना सहसा जमा करून घेत. युद्ध संपल्यावर असा माल ढिगाने बाजारातही विकला गेला. त्यामुळे हे इटलीत आजोबांच्याच डोक्यावर होतं, असं पुराव्याशिवाय लिहू नका. काठाखाली किंवा अस्तरावर नंबर, नाव काही रंगवलेलं दिसतं का पाहा.

मँगनीजवाला

मी खडी क्रशरच्या जॉ प्लेट (दगड चिरडणाऱ्या जाड पोलादी पाट्या) ओततो, अठरा वर्षं झाली. हेल्मेटांतलं मला फारसं कळत नाही, पण हे पोलाद माझं रोजचं आहे. रॉबर्ट हॅडफिल्डने 1882 साली शोधलेलं, साधारण 12 टक्के मँगनीज. लालबुंद तापवून पाण्यात बुडवलं की चिवट होतं. मार बसेल तिथे आणखी कडक होतं, म्हणून तर क्रशरमध्ये आणि रेल्वेच्या क्रॉसिंगला वापरतात. ड्रिल लावलंत तर भोक पडायच्या आधी बिट जळेल.

पण याचा एक शत्रू आहे, तो म्हणजे नंतरची उष्णता. 300 अंशांच्या आसपास आणि पुढे जास्त वेळ तापलं की आत कार्बाइड (कार्बनचे कडक कण) सुटतात आणि तोच चिवट माल ठिसूळ होतो. तुमच्या आजीने वर्षानुवर्षं निखारे नेले ना? तळाला चुंबक हलकंसं धरतं ते त्यामुळेच असणार, तिथली रचना बदललीय. म्हणून माझी हात जोडून विनंती आहे, पोचे ठोकू नका. गरम करून तर मुळीच नाही. तळ तडकला तर वेल्डिंगही नीट बसणार नाही. पोचे राहू द्यात.

धातूजतन

वरच्या दोघांशी सहमत. मी संग्रहालयात धातूच्या वस्तूंचं काम करते. घरी काय करता येईल ते सांगते.

कोरडं घासू नका, पॉलिश पेपर नकोच. जुन्या रंगात शिसं असू शकतं, ती धूळ नाकात जाते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणा, त्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाका. मऊ ब्रशने थोडा थोडा भाग पुसा आणि लगेच सुती कापडाने कोरडा करा. भिजत ठेवू नका. चिंच, लिंबू, व्हिनेगर, गंज काढायचं ॲसिड यांतलं काहीही नको. ते गंजाबरोबर रंगाच्या कडाही उचलतं आणि फटीत राहिलेलं ॲसिड पावसाळ्यात पुन्हा गंज आणतं.

उघड्या गंजावर शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब आणि सगळ्यात बारीक स्टील वूल, बोटाच्या टोकाइतक्या दाबाने. सुटणारा लाल गंज जाऊ द्या. खालचा घट्ट काळपट थर राहू द्या, तो खालच्या धातूला सांभाळतो.

रेड ऑक्साइड काढण्याची घाई करू नका. आधी काठाच्या आत, दिसणार नाही अशा जागी, नखाएवढा चौकोन धरा. कापसाच्या काडीला जरासं ॲसिटोन (रंग विरघळवणारं द्रव) लावा, फिरवा, काडी बघा. लाल आलं तर ठीक. हिरवं यायला लागलं तर थांबा, कारण तेच ॲसिटोन मूळ रंगही विरघळवतं. लाल रंग सैल झाला की बांबूच्या चपट्या काडीने उचलायचा, लोखंडी पात्याने नाही. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ देवाचा दिवासुद्धा नको. एका बैठकीत पोस्टकार्डाएवढा भाग झाला तरी पुष्कळ.

शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा (वस्तू जपायला वापरतात त्या मेणाचा) पातळ हात. अळशीचं तेल लावू नका, पिवळं पडतं आणि पुढे निघता निघत नाही.

अस्तराला तेल-पाणी काहीही नको. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश हेल्मेटांच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस सापडल्यामुळे तिकडे शाळांना ती मुलांना घालायला देऊ नका असं सांगितलं गेलं. तुमचं पुढच्या युद्धातलं आहे, तरी धोका कशाला? झिपच्या पिशवीत बंद करून ठेवा, झटकू नका, आणि शाळेत कुणा मुलाला हेल्मेट घालायला देऊ नका.

कोरेगावकर

सर्वांचे मनापासून आभार. गॅरेजचं रद्द झालं. भाऊ आधी नाराज होता, पण मँगनीजवाल्यांचा प्रतिसाद त्याला मोठ्याने वाचून दाखवला आणि तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशी तोच डिस्टिल्ड वॉटर घेऊन आला.

काल रात्री काठाच्या आत सुरुवात केली. लाल रंग सायीसारखा सुरकुतला आणि निघाला. खाली गडद हिरवा, खरखरीत. एका जागी हिरव्याचा टवका आधीच उडालेला होता आणि त्याखाली फिकट वाळूचा रंग दिसला. रुपयाच्या नाण्याएवढा. मी काडी खाली ठेवली आणि कितीतरी वेळ नुसतं बघत बसलो. वाळूरंग आधीचा आणि हिरवा त्यावर, याचा काही अर्थ लावता येतो का?

नंबर किंवा नाव मात्र सापडलं नाही. अस्तरावरही नाही.

जुनालष्करी

अर्थ लागतो, पण जपून. मराठ्यांच्या पलटणी ज्या आठव्या आणि दहाव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होत्या, त्या इटलीत उतरण्याआधी इराककडच्या मुलखात होत्या. वाळवंटात वाळूरंग आणि इटलीच्या डोंगरात हिरवा, हा क्रम त्या प्रवासाशी जुळतो. पण तोच प्रवास हजारो हेल्मेटांनी केला. जुळतंय आणि सिद्ध झालंय यात फरक आहे.

आजोबांची पलटण कुठली ते शोधा. यशवंत घाडगे 3/5 मराठाचे (पाचव्या मराठाची तिसरी पलटण), 10 जुलै 1944 ला वरच्या टायबर खोऱ्यात पडले. नामदेव जाधव 1/5 चे, 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदीवर लढले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. आजोबा कुठली नदी, कुठलं गाव सांगायचे का? डिस्चार्जचा कागद असेल तर त्यावरचा नंबर घेऊन बेळगावला मराठा रेकॉर्ड्सला (सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला) पत्र लिहा.

कोरेगावकर

अण्णांना विचारलं. आजोबा "सिनू नदी" म्हणायचे, असं ते म्हणाले. आम्हाला ती आपल्याकडचीच सीना वाटायची! डिस्चार्जचा कागद पेटीतच, अस्तराच्या खाली सापडला. घडीवर फाटलाय पण नंबर वाचता येतो. पत्र सोमवारी टाकतोय.

काठाचा रंग मोकळा करणार, माथ्यावरचा रेड ऑक्साइड तसाच ठेवणार. तिथे लाल रंगाखाली काही उरलेलं नाही, विस्तवाने सगळं खाल्लंय. आणि अण्णांनी तो लाल रंग लावला नसता तर आज मला काठाचा हिरवाही मिळाला नसता. काल तेही कापसाची काडी घेऊन शेजारी बसले होते.

शाळेसाठी कार्डाचा मजकूर असा केलाय, चूक असेल तर सांगा: "ब्रिटिश मार्क 2 हेल्मेट, शेफिल्ड, 1941. आजोबांबरोबर 1946 साली घरी आलं असं घरातले सांगतात. आजी यातून विस्तव आणायची."

धातूजतन

एक अक्षर बदलू नका. फक्त कार्ड हेल्मेटला चिकटवू नका, बाजूला ठेवा. आणि वॅक्स लावताना हातमोजे घाला, घामाच्या बोटांचे ठसे पुढच्या पावसाळ्यात गंजून वर येतात.