नुसते खोडून काढणे नव्हे

अमेरिकन लेखक जेसन कोलाविटो यांची सारी कारकीर्द इतरांच्या कल्पनांवर तोंडसुख घेण्यात गेली, असा एक आक्षेप घेतला जातो. ते मला पटत नाही. परग्रहवासीयांनी प्राचीन वास्तू उभारल्या, या दाव्याला केवळ खोटे ठरवून ते थांबले नाहीत, तर ही कल्पना मुळात आली कोठून याचा माग काढत ते २००५ सालच्या आपल्या पुस्तकात अमेरिकन लेखक एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या भयकथांपर्यंत पोहोचले. हा दावा घरोघरी नेणारे स्विस लेखक एरिक फॉन डॅनिकेन यांचे गाजलेले पुस्तक १९६८ चे. लव्हक्राफ्ट मात्र १९३७ सालीच वारले होते.

आपल्याकडे याच जातीचे काम ‘वैमानिक शास्त्र’ या, प्राचीन विमानविद्येचा म्हणून सांगितल्या जाणाऱ्या संस्कृत ग्रंथाबाबत झाले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली भाषा, वृत्ते आणि हस्तलिखिताचा प्रवास तपासून तो ग्रंथ १९०४ च्या आधीचा असू शकत नाही, असा निष्कर्ष काढला. त्यातील विमाने उडणार नाहीत, हे तर ओघानेच आले.

मी कराडचा. आगाशिवच्या डोंगरातील बौद्ध लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली, असे आम्ही लहानपणी ऐकत असू. त्या गोष्टीशी माझे भांडण नाही, कारण तिने कधी पुरावा असल्याचा आव आणला नाही. डॅनिकेन यांच्या पंथाने तो आणला, आणि छिन्नी धरणाऱ्या माणसांचे श्रेय परस्पर आकाशात पाठवले.

कोलाविटो पेशाने पुरातत्त्वज्ञ नाहीत, हा दुसरा आक्षेप. डॅनिकेन तरी ते पुस्तक लिहिताना हॉटेलच सांभाळत होते.