बुद्धिबळात १००० रेटिंगवर गाडी अडली आहे, सरावात नेमकं काय बदलावं?

प्रश्न
सहा महिने रॅपिडमधलं (जलद डावांमधलं) रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा, ९५० ते १०५० यांच्यातच फिरतंय. रोज १० मिनिटांचे सात-आठ डाव आणि वीसेक कोडी (दिलेल्या मांडणीत योग्य चाल शोधायची) होतात. कोड्यांचं रेटिंग १७०० च्या वर आहे, तरी डावात घोडा नाहीतर उंट फुकट जातोच. इटालियन या ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींच्या, ओळी दहाव्या चालीपर्यंत पाठ आहेत. आता आणखी ओपनिंग पाठ करावं की दुसरं काही?

प्रतिसाद १
ओपनिंग आहे तिथेच राहू द्या. कोडी १७०० आणि डाव १०००, या फरकातच दुखणं दिसतंय. कोडं समोर आलं की इथे काहीतरी सापडणार हे आधीच ठाऊक असतं, आणि सापडणारं जवळपास नेहमी आपल्या फायद्याचं असतं. समोरच्याचा डाव ओळखायची सवय त्यातून लागत नाही. मोहरी फुकट जातात ती तिथे.

प्रत्येक चालीला दोनदा थांबा. समोरच्याने चाल केली की आधी बघा, हललेलं मोहरं आता कशावर मारा करतंय आणि ते हलल्यामुळे मागची कुठली रेघ मोकळी झाली. दुसरा भाग हमखास विसरला जातो. मग आपली चाल ठरवा, पण खेळण्याआधी त्यावर समोरच्याला मिळणारे सगळे शह, सगळे मार आणि वजिरावरचे हल्ले तपासा.

हे १० मिनिटांत बसत नाही. ४० चालींच्या डावात चालीमागे १५ सेकंद येतात. १५ मिनिटं अधिक दर चालीला १० सेकंद असा डाव लावला तर साधारण ३२ सेकंद मिळतात. दिवसाला असे दोनच डाव खेळा.

डाव संपल्यावर इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्राम) लगेच लावू नका. आधी दहा मिनिटं स्वतः चाळा. वहीत चालीचा क्रमांक, घड्याळातली उरलेली वेळ, तेव्हा मनात काय होतं आणि चुकीचा प्रकार लिहा: सरळ फुकट दिलं, घोड्याचा दुहेरी मारा, पिन (हललं तर मागचं मोठं मोहरं किंवा राजा उघडा पडतो म्हणून अडकलेलं मोहरं), अदलाबदलीची मोजणी, शेवटच्या रांगेतली मात. मग इंजिन लावा आणि जिथे मूल्यांकन (कोण किती पुढे, हे प्याद्यांत मोजलेलं) दोन प्याद्यांहून जास्त हललं तेवढ्याच जागा बघा. अर्ध्या प्याद्याचे फरक या पातळीवर सोडून द्यायचे. वीस डावांनंतर मोजलंत की कुठला प्रकार सगळ्यात जास्त वेळा येतोय ते स्पष्ट दिसेल.

मोजणीबद्दल एक गोष्ट. मारणारे दोन, राखणारे दोन, म्हणजे मोहरं सुरक्षित, हे अर्धवट आहे. राखणारा पिनमध्ये असेल तर तो धरायचा नाही. उलट तुमच्या बाजूने वजीर पुढे आणि हत्ती मागे असेल तर पहिला मार वजिरालाच करावा लागतो आणि हिशोब बिघडतो.

प्रतिसाद २
वरचं पटलं, पण कोडी बंद करू नका, पद्धत बदला. पहिली चाल सुचली की खेळून बघायची, हे थांबवा. समोरच्याच्या उत्तरांसकट पूर्ण ओळ मनात दिसेपर्यंत हात लावायचा नाही. सोप्या शंभर कोड्यांचा एक संच घ्या आणि तोच आठवड्याच्या अंतराने तीनदा सोडवा.

ओपनिंगमध्येही पाठांतरापेक्षा कारण महत्त्वाचं. इटालियनमध्ये काळ्याने ३...घोडा एफ६ (आकडा चालीचा क्रमांक, तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल, × म्हणजे मार) केल्यावर ४ घोडा जी५ डी५ ५ ई×डी५ इथे काळ्याने घोड्याने डी५ मारलं, तर ६ घोडा×एफ७ राजा×एफ७ ७ वजीर एफ३ शह. डी५ वरचा घोडा पिनमध्ये आहे आणि आता त्यावर दुहेरी मारा. तो वाचवायला राजाला ई६ वर, पटाच्या मध्यात यावं लागतं. म्हणून काळा सहसा ५...घोडा ए५ खेळून सी४ च्या उंटावर जातो. एवढं समजलं की ओळ विसरली तरी चाल सापडते.

मूळ प्रश्नकर्ता
धन्यवाद. दिवसाला एकच तास मिळतो. त्यात एंडगेम (थोडीच मोहरी उरलेला डावाचा शेवटचा टप्पा) बसवायचा का?

प्रतिसाद ३
बसवा, पण थोडाच. एका दिवशी एक डाव आणि त्याची तपासणी, दुसऱ्या दिवशी ४० मिनिटं कोडी आणि २० मिनिटं एंडगेम. सुरुवात राजा आणि एका प्याद्यापासून.

पांढरा राजा ई४, प्यादं ई३, काळा राजा ई६. चाल काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो, पांढऱ्याची असेल तर बरोबरी. आता प्यादं ई२ वर ठेवा: पांढऱ्याची चाल असूनही तो ई३ खेळून पाळी काळ्यावर ढकलतो आणि जिंकतो. म्हणून प्यादं घाईने पुढे ढकलायचं नाही, राजा आधी. राजा ई६ आणि प्यादं ई५ असं जमलं की चाल कुणाचीही असो, विजय पक्का.

संगणकासमोर ही मांडणी दोन्ही बाजूंनी पाच-पाच वेळा खेळा. कडेच्या, म्हणजे ए आणि एच पट्टीवरच्या प्याद्याला हा नियम लावू नका. तिथे बचाव करणारा राजा कोपऱ्यात पोहोचला की डाव बरोबरीत जातो.